सूर्यास्तापूर्वीची नोंद

मंगळवार, १२ डिसेंबर १९९५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे.

“साहेब, तुमच्या मशिननं लग्न मोडलं.”

फोन सांगलीहून होता. मी साताऱ्यातील एका संगणक कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. की-बोर्डवर सांडलेला चहा आणि प्रिंटरमध्ये शिरलेली पाल यांच्या तक्रारी मला परिचित होत्या. लग्न मोडल्याची तक्रार प्रथमच आली होती.

“कोणाचे लग्न?” मी विचारले.

“अजून मोडलं न्हाई. संध्याकाळी मोडंल. तवर या.”

बोलणारे गृहस्थ अण्णासाहेब मगदूम. हळदीचे व्यापारी आणि सांगलीतील जैन समाजाच्या एका वधूवर मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या वखारीच्या पुढच्या खोलीत मंडळाचे कार्यालय होते आणि तेथील संगणक आमच्या कंपनीने बसवला होता. मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो.

“मगदूमांचा कॉल आहे. लग्न मोडते आहे म्हणतात.”

“वॉरंटीत आहे का?”

“मशीन आहे.”

“मग जा.”

कराडमार्गे एसटीने सांगलीला पोहोचेपर्यंत दुपार झाली. खोलीत हळदीचा वास होता. की-बोर्ड मूळचा पांढरा होता, हे मला माहीत होते म्हणून कळले. त्याच्यासमोर मंडळाच्या ऑपरेटर शोभाताई उपाध्ये हाताची घडी घालून बसल्या होत्या.

“मी भरलं होतं,” त्या म्हणाल्या. माझ्या नमस्काराला त्यांनी दिलेले उत्तर एवढेच.

प्रकरण असे होते. मंडळाकडे नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलामुलीची माहिती संगणकात असे. लग्न जमले की त्या माहितीत ‘उपवर’ या शब्दाच्या जागी ‘ठरले’ असा शब्द घालायचा. मग ते नाव यादीतून आपोआप गळे. याद्या दोन निघत. मुलांची यादी मुलींच्या घरी जाई, मुलींची यादी मुलांच्या घरी.

कराडजवळच्या एका गावचे शेतकरी भूपाल बिरनाळे यांची मुलगी सुजाता. कराडला शाळेत विज्ञान शिकवत असे. मिरजेकडच्या नेमगोंडा पाटलांचा मुलगा अजित. साखर कारखान्यात केमिस्ट. दोघांचे लग्न मागच्या आठवड्यात याच खोलीत जमले होते. येत्या रविवारी साखरपुडा होता. हॉल घेतला होता, आमंत्रणे गेली होती. एवढ्यात बिरनाळ्यांच्या इचलकरंजीच्या मेव्हण्याकडे, त्याच्या मुलीसाठी, मंडळाची ताजी यादी पोहोचली. त्याने यादी वाचून तातडीने फोन केला.

“दाजी, तुमचा जावई अजून यादीत हाय.”

बिरनाळ्यांनी अर्थ काढला की पाटील मंडळी याहून बरे स्थळ शोधत आहेत. सोयरीक मोडल्याचे अध्यक्षांसमोर तोंडावर सांगण्यासाठी ते चार वाजता येणार होते. पाटलांनाही बोलावणे गेले होते.

“चारपर्यंत मशीन दुरुस्त करा,” अण्णासाहेब म्हणाले. “म्हंजी लगीन वाचंल.”

“आधी बिघाड सापडू द्या.”

“बिघाड काय शोधताय? व्हायरस हाय. पेपरात आलंय.”

त्या काळी प्रत्येकाच्या मते व्हायरसच असे. मी फ्लॉपी घालून तपासणी केली. व्हायरस नव्हता. अण्णासाहेबांची निराशा झाली.

नंतर डिस्क तपासली. डिस्क म्हणजे संगणकाच्या पोटातील ती तबकडी, जिच्यावर सर्व माहिती कायमची लिहिलेली असते. तिच्यावर कोणत्याही फाइलचे नसलेले काही सुटे तुकडे आढळले. याचा अर्थ, लिहिण्याचे काम कधीतरी अर्ध्यावर तुटले होते. एकदा नव्हे, पुष्कळदा.

मग मी एक काल्पनिक मुलगा तयार केला. शिक्षण बी.कॉम., उंची मध्यम, अपेक्षा काही नाहीत. त्याला ‘ठरले’ केले, प्रोग्रॅममधून बाहेर पडलो, संगणक बंद केला, पुन्हा चालू केला. नोंद जागेवर होती. पुन्हा केले. जागेवर. शोभाताई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या.

“माझ्यावेळी जातं,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावेळी राहतं. आता सगळे म्हणणार, बाईच भरत नाही.”

“कधीपासून जाते?”

“दिवाळीनंतर. उन्हाळ्यात एकदाही नाही गेलं.”

“दिवाळीत संगणकात काही बदल केला?”

“काही नाही. बदल केला तो त्याआधी, गुढीपाडव्याला. स्पीड वाढवली.”

“कोणी?”

“इथल्याच एका दुकानदारानं,” अण्णासाहेब म्हणाले. “तुमच्या मशिनला लय वेळ लागायचा. त्यानं एक ओळ टाकली, मशीन पळाय लागलं.”

संगणक सुरू होताना ज्या आज्ञा वाचतो, त्यांची फाइल मी उघडली. ती ओळ सापडली. तिने डिस्क कॅशे नावाची सोय चालू केली होती. ही काय असते ते पुढे येईल. मला बिघाडाचा अर्धा भाग कळला. अर्धा कळेना. पाडव्यापासून दिवाळीपर्यंत हीच ओळ चालू होती आणि एकही नोंद गेली नव्हती. यंत्राला ऋतू कळत नाहीत.

विचार पुरा होण्यापूर्वी चार वाजले.

बिरनाळे आले. धिप्पाड गृहस्थ, डोक्याला पटका. मागे त्यांची मुलगी. घरी थांब म्हटले असता ती थांबली नव्हती, असे दिसले. थोड्याच वेळाने नेमगोंडा पाटील आले. किरकोळ अंगाचे, आणि आवाज अंगाच्या मानाने मोठा.

“काय पाव्हणं,” बिरनाळे म्हणाले, “आमची लेक ठेवलीया राखीव, आन् तुमी फिरताय बाजार बघत?”

“कोण फिरतंय? आमी हॉल घेऊन बसलोय.”

“मग ही यादी काय खोटं बोलती? छापील हाय. ह्यात पोराची उंचीबी हाय.”

“उंची असू दे. आमी नाव काढाय सांगितलं हुतं. इचारा ह्या बाईंना.”

“मी भरलं होतं,” शोभाताई म्हणाल्या.

“भरलं हुतं तर गेलं कुठं?”

येथे पाटलांना एक विचार सुचला. तो सुचला नसता तर बरे झाले असते, असे मला त्या क्षणी वाटले.

“ताई, मुलीचं नाव काढा बघू मशिनवर.”

शोभाताईंनी काढले. सुजाता भूपाल बिरनाळे. बी.एस्सी., बी.एड. उपवर.

“आता बोला!” पाटील उभे राहिले. “आमी पोरींची यादी बघायचंच सोडलं, म्हणून कळलं न्हाई. तुमची लेकबी हाय की बाजारात!”

“माझ्या लेकीचं नाव घेऊ नका.”

“नाव मी कुठं घेतलं? मशीन घेतंय.”

“बाबा,” सुजाता म्हणाली, “मग आपण पण दुसरीकडं बघतोय का?”

“तू गप.”

“मी गप्पच आहे. हिशेब विचारला.”

दोन्ही पुरुष एकदम बोलू लागले. इतका वेळ एकच बाजू संतापलेली होती. आता दोन्ही झाल्या. हा प्रकार बराच चालला. शेवटी अण्णासाहेबांनी टेबलावर हात आपटला.

“मोडायचं असंल तर उद्या मोडा. माझ्या दप्तराला हे लगीन ठरलंय, तर ते ठरलंच दिसलं पायजे. शोभाताई, सगळ्यांच्या समोर दोघांनाबी ‘ठरलं’ करा.”

शोभाताईंनी आधी मुलाला केले, मग मुलीला. सर्वांनी पडद्यावर वाकून पाहिले. दोन्हीकडे ‘ठरले’ उमटले. त्या प्रोग्रॅममधून नीट बाहेर पडल्या. काळ्या पडद्यावर संगणकाची तयार असल्याची खूण आली.

याच वेळी अण्णासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या गोदामाच्या पत्र्यावरचे ऊन वर सरकले होते. ते उठले, दाराशी गेले, एका पायात चप्पल घातली आणि भिंतीवर हात नेला.

“झालं का ताई?”

“झालं अण्णा.”

खट्.

मेन स्विच पडला. दिवा गेला, पंखा थांबला, संगणकाचा पडदा मिटला. अण्णासाहेबांनी दुसऱ्या पायात चप्पल घातली. “चला,” ते म्हणाले, “आधी जेवण. भांडण मागनं.”

मिटलेल्या पडद्यासमोर मला बिघाडाचा उरलेला अर्धा भाग कळला.

सूर्यास्तानंतर न जेवण्याचे व्रत अण्णासाहेब काटेकोर पाळत. उन्हाळ्यात काम सहाला संपे आणि सूर्य सातपर्यंत असे. तेव्हा ते पाणी पीत, गप्पा मारत आणि सावकाश दिवे बंद करत. थंडीत तेवढी सवड नसे. शोभाताईंचे ‘झालं’ आणि अण्णासाहेबांचा खट् यांत दमही घेतला जात नसे.

“रोज असेच बंद करता?” मी विचारले.

“मग कसं करणार? वखार हाय. शॉर्टसर्किट झालं तर सगळी हळद जळंल. मेन पाडल्याबिगर मी घरी जात न्हाई.”

“आम्ही यूपीएस दिला होता. वीज गेल्यावर संगणक काही वेळ चालू ठेवणारा डबा.”

“काढला त्यो. मेन पाडला तरी मशीन चालूच, आन् वर डबा ओरडतोय. असली वस्तू वखारीत नको.”

“आत्ता पुन्हा चालू करता येईल?”

“साहेब, सूर्य कुणासाठी थांबत न्हाई. जेवून घ्या.”

वखारीमागेच त्यांचे घर होते. बिरनाळे आणि पाटील हेही व्रत पाळणारे. आता जेवले नाहीत तर उद्यापर्यंत उपाशी. त्यामुळे सोयरीक मोडायला आलेले आणि ती मोडून घ्यायला बोलावलेले असे दोघेही एकाच पंगतीत बसले. मला मध्ये बसवण्यात आले. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. एवढ्या लवकर मी आयुष्यात जेवलो नव्हतो.

“साहेब,” बिरनाळे म्हणाले, “बिघाड काय हाय ते सांगताय का नुसतंच जेवताय?”

मी सांगितले. संगणकात कागद ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक टेबल, एक कपाट. टेबल म्हणजे मेमरी. तेथे हात चटकन पोहोचतो. परंतु वीज गेली की टेबल पुसले जाते. कपाट म्हणजे डिस्क. तेथे जायला वेळ लागतो. परंतु वीज गेली तरी कागद जागेवर राहतो. या दोहोंमध्ये एक कारकून असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. टेबलावर कोणाला किती जागा द्यायची, हे तो पाहतो. दर वेळी कपाटापर्यंत खेप घालावी लागू नये, म्हणून टेबलाचा एक कोपरा राखून तेथे तो सारखे लागणारे कागद हाताशी ठेवतो. या कोपऱ्याला कॅशे म्हणतात. दुकानदाराने हा कोपरा मांडून दिला होता.

“इंजिनिअर पोरांचे कागद वर राहणार म्हणा,” अण्णासाहेब म्हणाले. “तेच सारखे मागतात.”

“बरोबर.”

“आणि कोपरा भरला तर?” सुजाताने विचारले. ती वाढत होती.

“ज्या कागदाला बरेच दिवस कोणी विचारलेले नाही, त्याची जागा आधी जाते.”

“आमच्या थोरल्याचं तसंच झालं,” पाटील म्हणाले. “कोण इचारतच नव्हतं.”

बिरनाळ्यांनी भाकरीकडे पाहिले. त्यांना हसू आले असावे. परंतु ते भांडायला आले होते.

“हे वाचण्याचे झाले,” मी पुढे सांगितले. “लिहितानाही कारकून तेच करतो. नवा कागद घेतो, कोपऱ्यात ठेवतो आणि ‘झाले’ म्हणून सांगतो. प्रत्यक्षात कपाटात गेलेला नसतो. थोडे कागद जमले किंवा हात रिकामा झाला की गठ्ठा करून नेतो. म्हणून काम भरभर झाल्यासारखे वाटते.”

“म्हंजी आमचा तलाठी,” बिरनाळे म्हणाले. “नोंद झाली म्हणून सांगतो, आन् उतारा काढला की जुनंच नाव.”

“तलाठ्याला महिने लागतात. याला काही सेकंद.”

“आन् तेवढ्यात काय हुतंय?”

“तेवढ्यात अण्णासाहेब मेन स्विच पाडतात.”

पंगत थांबली. अण्णासाहेबांचा ताकाच्या वाटीकडे गेलेला हात तेथेच राहिला.

“म्हंजी लगीन मी मोडलं व्हय?”

“लग्न नाही. नोंद.”

“आवं साहेब,” बिरनाळे म्हणाले, “तुमी मशीनवाले. मशिनची बाजू घेणारच. ह्याला पुरावा काय?”

“पुरावा आत आहे. मघाशी तुमच्या डोळ्यांदेखत दोघांना ‘ठरले’ केले. माझे म्हणणे खरे असेल तर संगणक चालू केल्यावर दोघेही पुन्हा उपवर दिसतील.”

“आन् ठरलेलेच दिसले तर?”

“तर मी चुकलो. मग तुमचे तुम्ही पाहा.”

हे मी शांतपणे म्हणालो. ताक मात्र संपवले नाही. कारकून क्वचित वेळेत कपाटापर्यंत पोहोचतोही.

हात धुऊन सर्वजण कार्यालयात आले. अण्णासाहेबांनी मेन स्विच वर केला. तो संगणक सुरू व्हायला बराच वेळ घेई. शोभाताईंनी मुलाचे नाव टाकले.

उपवर.

मुलीचे नाव टाकले.

उपवर.

“बघा!” शोभाताई ओरडल्या. त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकत आहे, असे वाटले. “मी भरलं होतं! सगळ्यांच्या समोर भरलं होतं!”

बिरनाळ्यांनी पडद्यावर बोट ठेवले आणि मागे घेतले. बोट पिवळे झाले होते.

“आता उलट करू,” मी म्हणालो. “ताई, दोघांना पुन्हा ‘ठरले’ करा आणि बाहेर या. अण्णासाहेब, स्विचपाशी उभे राहा. हात लावू नका.”

संगणकाच्या डब्यावर पुढच्या बाजूस एक बारीक लाल दिवा असतो. डिस्कवर काम चालू असले की तो लुकलुकतो. मी सर्वांना तो दाखवला. शोभाताई बाहेर आल्या. “झालं,” त्या म्हणाल्या. दिवा विझलेला होता. अण्णासाहेबांचा हात सवयीने वर गेला.

“थांबा.”

क्षणभर काही घडले नाही. मग डब्यातून कुरकुर ऐकू आली आणि दिवा लुकलुकला. गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले बिरनाळे दचकले.

“आत्ता गेला बघा कपाटाकडं!”

“गेला,” पाटील म्हणाले. तेही वाकलेच होते. दोघांची डोकी एकमेकांना लागली.

दिवा विझला. मी मान हलवली. खट्. पुन्हा चालू केला. दोन्ही नावांपुढे ‘ठरले’ होते. त्या संध्याकाळी त्या दोघांचे लग्न दोनदा जमले आणि एकदा मोडले, आणि दोघांपैकी मुलगा तेथे नव्हताही.

“आता ठरवा तरी, नाहीतर मोडा तरी,” सुजाता म्हणाली. “मशीन पण दमलं असेल.”

बिरनाळ्यांनी पटका काढून पुन्हा डोक्यावर ठेवला.

“पाव्हणं,” ते पाटलांना म्हणाले, “रविवारी जरा लवकर या. जेवणं उन्हातच उरकू.”

पाटलांनी मान हलवली.

मी ती ओळ बदलली. वाचताना कोपरा वापरावा, लिहिताना थेट कपाटात जावे, असे कारकुनाला सांगितले. अण्णासाहेबांनी एक नाव टाकून पाहिले.

“परत हळू झालं की ओ.”

“लिहिण्यापुरते झाले. तुम्ही दोन्ही पायांत चप्पल घालेपर्यंत लिहून होईल. एका पायात नाही.”

यूपीएस पुन्हा बसवण्यास त्यांनी नकार दिला. मीही आग्रह धरला नाही. ग्राहकाला एका दिवसात एकच गोष्ट पटते.

सर्व्हिस रिपोर्ट भरायला घेतला तेव्हा बिरनाळे पुढे आले.

“साहेब, ह्यात लिहून द्या. इचलकरंजीचा मेव्हणा तोंडी ऐकायचा न्हाई.”

“यात यंत्राचे लिहितात.”

“मग मशिनचंच लिवा. त्याच्याखाली पोराचं लिवा.”

मी लिहिले : ‘मुलाचा दोष नाही. यंत्राचा दोष नाही. सेटिंग बदलले.’

“आन् मुलीचं?” पाटील म्हणाले. “उद्या आमच्याकडचं कोण इचारलं तर?”

‘मुलीचाही दोष नाही,’ असे वाढवले.

“माझं पण,” शोभाताई म्हणाल्या.

तेही वाढवले. अण्णासाहेबांचे काही लिहिले नाही. त्यांनीही मागितले नाही. ग्राहकाच्या सहीसाठी एकच रेघ होती, तिच्यावर तीन सह्या झाल्या. रिपोर्टच्या कार्बन धरून तीन प्रती निघत. पांढरी बिरनाळ्यांनी घडी करून पटक्यात खोवली, पिवळी पाटलांनी खिशात घातली, गुलाबी शोभाताईंनी कपाटात ठेवून कुलूप लावले. माझ्या कंपनीसाठी प्रत उरली नाही.

या प्रकरणातून मी एवढेच शिकलो : यंत्र ‘झाले’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ ‘ऐकले’ एवढाच घ्यावा. माणसांच्या बाबतीतही याहून जास्त घेऊ नये.

सांगलीच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून मी कोरा रिपोर्ट काढला. ‘बिघाड’ या रकान्यात ‘आढळला नाही’ आणि ‘बदललेला भाग’ या रकान्यात ‘निरंक’ असे लिहिले, सहीच्या जागी ‘ग्राहक जेवणास गेले’ अशी टीप टाकली आणि साताऱ्याच्या गाडीत खिडकीजवळची जागा धरली.